अडलेल्या एका शब्दाबद्दल

प्रिय मित्रा,

परवा रात्री तू फोनवर म्हणालास, "एकच शब्द अडलाय, इंग्रजी 'अब्यूज'ला मराठीत काय लिहू, तेवढं सांग." मी अर्धवट झोपेत "दुरुपयोग लिही" म्हणालो आणि फोन ठेवला. सकाळी तुझं वाक्य आठवलं आणि ओशाळलो. मदतकेंद्राच्या पुस्तिकेत 'घरात तुमचा दुरुपयोग होतो का?' असं छापलंस, तर जिच्यासाठी ते लिहायचं ती बाई पान उलटून मोकळी होईल. चूक माझी, म्हणून हे लांबलचक प्रायश्चित्त.

खरं तर शब्द फोडून पाहिला तर 'अब्यूज' म्हणजे दुरुपयोगच. लॅटिनमध्ये 'ऊती' म्हणजे वापरणं. 'यूज'चं मूळ तिथलंच. त्याच्याआधी 'अब', म्हणजे दूर, लागला की 'अबूती'. रोमन लोक हे क्रियापद दोन तऱ्हांनी वापरत: एखादी गोष्ट पार संपेपर्यंत वापरणं, किंवा भलत्याच कामी लावणं. इसवी सनापूर्वी 63 साली रोमन वक्ता सिसेरो भर सिनेटमध्ये, सत्ता उलथण्याचा कट करणाऱ्या कॅटिलिनावर कडाडला, की तू आमच्या सहनशीलतेचा आणखी किती अंत पाहणार आहेस? त्या वाक्यात हेच क्रियापद आहे. आपलं 'अंत पाहणं' तिथे किती नेमकं बसतं बघ!

रोमन वक्तृत्वशास्त्रात 'अबूसिओ' नावाचा एक अलंकारही होता. ज्या वस्तूला स्वतःचं नाव नाही, तिला दुसऱ्याचं नाव ओढून लावायचं, आपण टेबलाला पाय देतो किंवा बाटलीला गळा देतो तसं. हे उगाच आठवलं, पण पुढे कामाला येईल.

फ्रेंचमार्गे हा शब्द मध्ययुगाच्या अखेरीस इंग्रजीत पोचला, आणि तिथे त्याला एक अर्थ होता जो आज जवळजवळ पुसला गेलाय: फसवणं. फ्रेंच माणूस अजूनही 'माझी चूक होत नसेल तर' म्हणताना याच क्रियापदाचा आधार घेतो. इंग्रजीत त्याची खूण 'डिसअब्यूज'मध्ये उरली आहे. एखाद्याला 'डिसअब्यूज' करायचं म्हणजे त्याचा गैरसमज दूर करायचा, छळातून सोडवायचं नव्हे. शेक्सपिअरच्या 'ऑथेल्लो'त एमिलिया म्हणते, की कुणा हरामखोराने या मूरला, म्हणजे ऑथेल्लोला, 'अब्यूज' केलंय. तिला म्हणायचंय, फसवलंय. आणि हा फसवला गेलेला ऑथेल्लो तोवर करतोय काय? चारचौघांत बायकोला थप्पड मारतोय, तोंडाला येईल ते बोलतोय. जुन्या अर्थाने 'अब्यूज' झालेला तो, आजच्या अर्थाने 'अब्यूज' करणाराही तोच. एका शब्दाचे दोन काळ एकाच माणसात उभे आहेत.

आता मजा बघ. संस्कृतात 'छल' म्हणजे कपट, फसवणूक. आपल्याकडे त्याचा 'छळ' झाला आणि अर्थ कपटावरून जाचावर सरकला. इंग्रजी आणि मराठी एकमेकींना न विचारता त्याच वाटेने गेल्या. असं का झालं असावं? मला वाटतं, जाच बहुतेक वेळा खोट्यानेच सुरू होतो. 'तुझ्या भल्यासाठीच बोलतोय' हे त्यातलं सगळ्यांत जुनं खोटं.

शिवीगाळीचा अर्थही इंग्रजीत जुनाच आहे, त्यावर वेळ घालवत नाही. मारहाणीचा आणि लहान मुलांचा संदर्भ मात्र आपल्याला वाटतो तितका जुना नाही. 1962 साली अमेरिकेत हेन्री केंप आणि त्यांच्या सहकारी डॉक्टरांनी एक शोधनिबंध छापला. मुलांच्या हाडांना झालेल्या इजा आणि पालक सांगतात ती कारणं यांचा मेळ बसत नाही, हे त्यांनी मांडलं. त्यांच्या मथळ्यात शब्द 'अब्यूज' नव्हता, 'बॅटर्ड' होता, म्हणजे बडवलेलं मूल. पुढच्या काही वर्षांत तिथल्या राज्यांनी अशी प्रकरणं कळवणं बंधनकारक करणारे कायदे केले आणि 'चाइल्ड अब्यूज' हे शब्द तोंडोतोंडी झाले. 'बॅटर्ड' म्हटलं की जखम दिसते. 'अब्यूज'च्या पोटात न दिसणारंही मावतं, हा त्याचा फायदा. पण त्याच पोटात सगळं गुडूप होतं, हा तोटा.

उलटा प्रवासही झाला. व्यसनांबद्दल बोलताना 'अब्यूज' म्हटलं की रोग्यालाच आरोपी केल्यासारखं होतं, अशी तक्रार वाढत गेली. 2013 साली अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या निदानपुस्तिकेने 'सबस्टन्स अब्यूज' हे निदान काढून 'सबस्टन्स यूज डिसऑर्डर' आणलं. इतक्या शतकांचा 'अब' एका फटक्यात गळाला!

माझी खरी अडचण मात्र मुळातच आहे. दुरुपयोग कशाचा होतो? ज्याचा सदुपयोग होऊ शकतो त्याचा. सत्ता, औषध, ओळख, पैसा. बायकोचा किंवा म्हाताऱ्या वडिलांचा 'योग्य वापर' कोणता, सांग? इंग्रजीत हा शब्द माणसाला लावताना वस्तूचं नाव ओढून लावलं गेलंय, त्या 'अबूसिओ'सारखं. रोजच्या वापराने ते इंग्रजांना खुपत नाही. मराठीत लगेच खुपतं. खुपू दे.

तेव्हा एकाच शब्दाचा हट्ट सोड. 'पॉवर'बरोबर आला तर गैरवापर. 'व्हर्बल' असेल तर शिवीगाळ, टोमणे, पाणउतारा, जे असेल ते. 'इमोशनल'ला 'भावनिक अत्याचार' लिहू नकोस, तो कोर्टाच्या कागदावरचा शब्द झाला. 'मानसिक छळ' लिही. 'इकॉनॉमिक'साठी मला धड शब्द सुचत नाही, म्हणून सरळ विचार: 'तुमचा पगार तुमच्या हातात राहतो का?' आणि त्या पहिल्या ओळीत 'घरात तुम्हाला कुणी छळतं का?' एवढंच. 'कुणी' ठेव, 'नवरा' नको, कारण छळणारी सासूही असते, मुलगाही असतो.

पुढचा मसुदा पाठव. या वेळी जागेपणी वाचीन.

तुझाच