टाक्यांपलीकडच्या त्वचेविषयीही सांगा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या वर्षी नाशिकमधील एका रुग्णालयात माझ्या स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली. डॉक्टरांचे ऋण मी विसरणार नाही. मात्र घरी निघताना हाती दिलेल्या कागदावर गोळ्यांच्या वेळा आणि टाके काढण्याची तारीख एवढेच होते, त्वचेबद्दल एक ओळही नव्हती. चौथ्या दिवशी चिकटपट्टीच्या कडेने चौकोनी लाल रेघ उमटली, बारीक फोड आले आणि जखम चिघळली असे समजून मी रात्रभर जागी राहिले. ती फक्त चिकटपट्टीची ॲलर्जी होती. पट्टी बदलल्यावर ती शमली.

काखेतील गाठी काढताना तिथली नस दुखावली, तर दंडाची आतली बाजू बधिर होते, नाहीतर ब्लाउजची शिवणही झोंबते. अशा बधिर जागी गरम पाण्याची पिशवी ठेवली, तर भाजल्याचे कळतही नाही. रेडिएशनने त्वचा साधारण दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून लाल व कोरडी होते आणि हा त्रास उपचार संपल्यावरही काही दिवस वाढू शकतो. घरातील वडीलधाऱ्या मायेने हळदीचा लेप सुचवतात, पण त्या काळात डॉक्टरांना विचारल्याशिवाय काहीही लावू नये. मला सैल सुती कपडे आणि कोमट पाण्याने धुऊन हलकेच टिपणे मानवले. लाली पसरू लागली, पू दिसला किंवा ताप आला, तर मात्र त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

पेठ, सुरगाण्याहून उपचारांसाठी येणाऱ्या भगिनींना पुन्हा विचारायला येणे सोपे नसते. म्हणून शहरातील रुग्णालयांनी ही माहिती सोप्या मराठीत छापून घरी सोडतानाच द्यावी, ही कळकळीची विनंती.

आपली,
एक वाचक, पंचवटी, नाशिक