बिअरची पारख चवीवर व्हावी

सन्माननीय संपादक,

आपल्या रविवार पुरवणीतील क्राफ्ट बिअरवरच्या, म्हणजे लहान कारखान्यांच्या बिअरवरच्या लेखात, मोठ्या कारखान्याने काढलेली एल (बिअरचा एक प्रकार) चाखून पाहण्याच्याही लायकीची नसते, अशा अर्थाचे एक विधान आले आहे. ते मला अन्यायाचे वाटले, म्हणून हे पत्र लिहीत आहे. मी सूक्ष्मजीवशास्त्राची पदवीधर असल्याने यीस्टशी माझा जुना परिचय आहे. २००८ मध्ये नोकरीनिमित्त मी अमेरिकेतील सेंट लुइस येथे राहत होते. बडवायझर बिअर बनवणाऱ्या अॅनहायझर-बुश कंपनीचे मुख्यालय याच शहरात आहे, आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये तिने ‘बडवायझर अमेरिकन एल’ बाजारात आणली. त्या बिअरवरून दर्दी मंडळींत झालेले वाद मी जवळून ऐकले आहेत.

बडवायझर हे नाव १८७६ पासून फिक्या, हलक्या लागरचे आहे. लागर हा एलप्रमाणेच बिअरचा एक मुख्य प्रकार. लागरचे यीस्ट थंडाव्यात सावकाश काम करते आणि तळाशी बसते. एलचे यीस्ट उबेत झपाट्याने काम करते, वर चढते आणि जाताना पेयाला फळासारखा वास देऊन जाते. नवी एल रंगाने तांबूस होती, तिच्यात ५.३ टक्के अल्कोहोल होते, आणि कॅरॅमल माल्टच्या (मोड आणून भाजलेल्या धान्याच्या) गोडीला कॅस्केड जातीच्या हॉप्सची, म्हणजे बिअरला कडवटपणा आणि वास देणाऱ्या फुलांची जोड दिलेली होती. कॅस्केडचा वास ज्यांनी घेतलेला नाही त्यांनी पपनसाची साल नखाने खरवडून नाकाशी धरावी.

पहिला आक्षेप याच वासावरून आला. कॅलिफोर्नियातील सिएरा नेवाडा या लहान कारखान्याने १९८० मध्ये आपल्या पेल एलमधून कॅस्केडची चव लोकांच्या जिभेवर रुजवली आणि आता बलाढ्य कंपनी ती आयती उचलते आहे, असे माझे अनेक परिचित संतापाने म्हणत. मला हा आक्षेप पटला नाही. ही जात ओरेगनमधील सरकारी संशोधनातून तयार होऊन १९७२ मध्ये शेतकऱ्यांच्या हाती आली होती. तिच्यावर लहान कारखान्यांचा हक्क होता तेवढाच मोठ्यांचाही होता.

दुसरा आक्षेप विश्वासाचा होता आणि तो मात्र सहज झटकून टाकण्यासारखा नाही. कूर्स या दुसऱ्या मोठ्या बिअर कंपनीने १९९५ मध्ये ‘ब्लू मून’ ही बिअर आणली तेव्हा बाटलीवर ब्लू मून ब्रूइंग कंपनी असे स्वतंत्र नाव छापले, कूर्सचे नाही. पुढे २०१५ मध्ये बडवायझरच्या जाहिरातीत भोपळा आणि पीच घातलेल्या एलची टर उडवली गेली, आणि तशीच एल बनवणारा सिएटलचा एलिशियन हा कारखाना विकत घेण्याचा करार बडवायझरच्याच कंपनीने काही दिवसांपूर्वीच जाहीर केला होता. असे अनुभव गाठीशी असलेला माणूस संशय घेतो, यात त्याची चूक नाही.

पण अमेरिकन एलच्या बाबतीत हा संशय लागू पडत नव्हता, कारण तिच्यावर बडवायझर हेच नाव ठळक अक्षरांत होते. कंपनीने आपली ओळख न लपवता वेगळी वाट धरली होती, आणि नेमके त्या नावामुळेच अनेक दर्दींनी तिला ओठ लावले नाहीत. याचे मला तेव्हाही वाईट वाटले आणि आजही वाटते. अनेक कारखान्यांतून निघणाऱ्या फिक्या लागरची चव एकसारखी राखणे किती अवघड असते, हे यीस्ट हाताळणाऱ्याला विचारावे. त्या बिअरमध्ये लहानसा दोषही झाकला जात नाही. असे कसब असलेल्या लोकांना एल जमणारच नाही, असे पेला हाती घेण्याआधी ठरवता येत नाही.

मी घरी चार मित्रमैत्रिणींना लेबल झाकून तीन एल दिल्या होत्या. सिएरा नेवाडा चौघांनीही ओळखली. तिचा कडवटपणा घोट गिळल्यावरही रेंगाळतो. बडवायझरच्या एलला दोघांनी दुसरा क्रमांक दिला आणि लेबल पाहिल्यावर त्यांतील एकाने तो मागे घेतला. माझे स्वतःचे मत असे होते की माल्ट उत्तम साधले आहे, पण हॉप्स हात राखून घातले आहेत; पपनसाचा वास येतो आणि जिभेवर टिकण्याआधीच विरतो. जुना ग्राहक बिचकू नये म्हणून ही काळजी घेतली असावी. तिच्यातला खरा दोष हा होता आणि त्यावर बोलायला हवे होते. काही वर्षांतच ती बाजारातून नाहीशी झाली.

पुण्यात २००९ मध्ये डूलाली या स्वतःची बिअर बनवणाऱ्या ठिकाणाने सुरुवात केल्यापासून आपल्याकडेही एल ओळखणारा वर्ग तयार झाला आहे, आणि तो आपली पुरवणी वाचतो. म्हणून विनंती अशी की, यापुढे एखाद्या नव्या एलविषयी छापताना लेबल झाकून चाखलेले मत द्यावे, बिअर किती थंड होती आणि बाटली कधी भरलेली होती हे सांगावे, आणि ती प्रत्यक्षात कोणत्या कंपनीच्या मालकीची आहे हेही त्याच मजकुरात स्पष्ट लिहावे.

आपली विश्वासू,
एक वाचक, कोथरूड, पुणे