निर्देशांकात न बसणारी गरिबी

महोदय,

नीती आयोगाच्या 2023 च्या बहुआयामी गरिबी अहवालानुसार गोव्यातील गरिबांचे प्रमाण 0.84 टक्के आहे. 2015-16 च्या पाहणीत ते 3.76 टक्के होते. ही घट नाकारण्याचे कारण नाही. मात्र या आकड्याच्या आधारे गोव्यातली गरिबी संपली असे सांगितले जाते, तेव्हा मोजले काय, हेही सांगायला हवे. पोषण, शिक्षण, स्वयंपाकाचे इंधन, शौचालय, वीज, पक्के घर, बँक खाते अशा 12 निकषांवर हा निर्देशांक बेतलेला आहे. घर पक्के असले तरी त्याचे भाडे मजुरीचा किती हिस्सा गिळते आणि ती मजुरी पुढच्या महिन्यात मिळेल की नाही, हे त्यात कुठेच येत नाही. झुआरीनगरात भाड्याच्या एका खोलीत राहणारे कंत्राटी कामगाराचे कुटुंब गॅस, वीज आणि बँक खाते असल्यामुळे या हिशेबात सहज बिगरगरीब ठरू शकते.

दरडोई उत्पन्नात गोवा देशात आघाडीवर आहे, हेही वारंवार ऐकवले जाते. औषध कारखाने आणि हॉटेले यांची उलाढाल जेमतेम पंधरा लाखांच्या लोकसंख्येने भागली, तर सरासरी फुगणारच. 2012 मध्ये आणि पुन्हा 2018 मध्ये खाणी बंद पडल्या, तेव्हा डिचोली, सांगे, धारबांदोडा भागातील खनिज वाहणाऱ्या ज्या ट्रकमालकांचे कर्जाचे हप्ते थकले, त्यांचे हाल या सरासरीत शोधून सापडणार नाहीत.

गंमत म्हणजे सरकारचा स्वतःचा अनुभव या आकड्यांपेक्षा वेगळा आहे. वाढत्या महागाईत गृहिणीला हातभार लागावा, म्हणून गृह आधार योजनेत वार्षिक तीन लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांना दरमहा मदत दिली जाते. शंभरांत एकही गरीब नसलेल्या राज्याला एवढ्या घरांना हात द्यावा लागतो, याचा अर्थ लावायला अर्थतज्ज्ञाची गरज नाही. त्यातही या योजनेसाठी आणि ज्येष्ठ, विधवा व दिव्यांगांना दरमहा मदत देणाऱ्या दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेसाठी गोव्यात 15 वर्षांच्या वास्तव्याची अट असल्याने, बांधकामांवर राबणारा नवा मजूर बाहेरच राहतो.

सरकारी कर्मचाऱ्यांचा महागाई भत्ता ग्राहक किंमत निर्देशांकानुसार वर्षातून दोनदा सुधारला जातो. दयानंद योजनेत ज्येष्ठांना दरमहा मिळणारे 2000 रुपये मात्र बाजारात मासळीचे दर कितीही चढले तरी वर्षानुवर्षे तेवढेच राहिले. ही रक्कम त्याच निर्देशांकाला जोडावी, आणि घरभाडे व रोजगाराची शाश्वती यांचा समावेश असलेली कुटुंबखर्चाची तालुकावार पाहणी राज्याच्या नियोजन व सांख्यिकी खात्याने हाती घ्यावी, अशी विनंती आहे.

– एक वाचक, डिचोली