रविवारची खोली चालू राहावी म्हणून

सप्रेम नमस्कार,

गेली तीन वर्षं कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका भाड्याच्या खोलीत दर रविवारी आम्ही पंधराएक जण मुक्त सॉफ्टवेअरचं, म्हणजे कुणीही फुकट वापरावं, उघडून बघावं आणि सुधारावं अशा सॉफ्टवेअरचं, काम करत बसतो. इंजिनिअरिंगची मुलं-मुली, उद्यमनगरातल्या कारखान्यात संगणक सांभाळणारे दोघं, एक निवृत्त शिक्षिका. मराठी भाषांतरं तपासायची, फॉन्टमध्ये 'ल' आणि 'श' हिंदी वळणाचे न उमटता आपल्या वळणाचे उमटतात का, 'दऱ्या'तला 'ऱ' तुटत नाही ना हे बघायचं, बग म्हणजे सॉफ्टवेअरमधल्या चुका नोंदवायच्या, जमेल तिथे कोड दुरुस्त करून पाठवायचा. पगार कुणालाच नाही.

नव्यानं येणाऱ्यांची वानवा नाही. टिकणाऱ्यांची आहे. मागच्या वर्षी तिसऱ्या वर्षाच्या एका मुलीनं रात्री जागून एका प्रकल्पाला पहिली दुरुस्ती पाठवली. उत्तर पाच आठवड्यांनी आलं. तोवर परीक्षा झाली, पुण्याला नोकरी लागली आणि ती पुन्हा खोलीवर आली नाही. तिकडे कोड तपासणाराही आपल्यासारखाच नोकरी करून रात्री बसणारा, त्याच्यापुढे अशा दुरुस्त्यांचा ढीग. चूक कुणा एकाची नाही, पण आपण एक चांगला माणूस गमावला.

हे किती महागात पडतं ते २०२४ च्या मार्चमध्ये जगानं पाहिलं. 'एक्सझेड' हे फाइल लहान करणारं साधन लिनक्स या मुक्त प्रणालीवर चालणाऱ्या असंख्य संगणकांत असतं. ते वर्षानुवर्षं एकच माणूस सांभाळत होता. काम उशिरा होतं म्हणून लोक त्याच्यामागे तगादा लावत होते. मनाची तब्येत बरी नाही, हे बिनपगारी छंदाचं काम आहे, असं त्यानं २०२२ सालीच लिहून सांगितलं होतं. त्याच सुमारास मदतीला आलेल्या एकानं दोनेक वर्षं इमानानं काम करून विश्वास मिळवला आणि मग आत, बाहेरून गुपचूप शिरता येईल असा, चोरदरवाजा बसवला. अँड्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतोय असा प्रश्न पडला, म्हणून तो चोरदरवाजा सापडला. थकलेल्या माणसाजवळ वेळेवर चार भरवशाची माणसं बसलेली असती तर, हा विचार आमच्या डोक्यातून जात नाही.

शाळा काढल्या तरी खेड्यातला पोरगा शहरात राहणार कुठं आणि जेवणार काय, हे शाहू महाराजांनी ओळखलं आणि १९०१ पासून या गावात बोर्डिंगं उभी राहिली. आमची मागणी त्याच जातीची आहे, फार छोटी. शिकवणारे व्हिडिओ फुकट मिळतात. बसायला जागा आणि शेजारी बसून "दाखव बघू, कुठं अडलं?" म्हणणारं माणूस मिळत नाही.

खोलीचं भाडं महिन्याला साडेचार हजार, वीज आणि नेट धरून सहा हजारांच्या घरात जातं. आजवर आम्ही खिशातून भरलं, आता तिघं नोकरीसाठी बाहेरगावी गेल्यानं ओढाताण होते. महिन्याला शंभर रुपये देणारे साठ जण मिळाले तर भागतं. एकदम मोठी रक्कम देण्यापेक्षा दरमहा थोडं द्या, असं आम्ही मुद्दाम म्हणतो. पावती मिळेल, हिशोब दर महिन्याला खोलीच्या भिंतीवर लागेल. चालू स्थितीतला जुना लॅपटॉपही चालेल.

पैशापेक्षा अवघड मागणी कारखानदार आणि सॉफ्टवेअर कंपन्यांच्या मालकांकडे आहे. तुमचं बिलिंग, वेबसाइट, सर्व्हर यांतलं बरंच काही याच फुकट सॉफ्टवेअरवर चालतं. तुमच्याकडच्या एखाद्या अनुभवी माणसाला महिन्यातून दोन शनिवार अर्धा दिवस पगारी मोकळा द्या. नव्या मुलांचा कोड बाहेर पाठवण्याआधी तो आठवड्याच्या आत वाचून द्यायचा, एवढंच त्याचं काम. प्राध्यापकांनी हे काम प्रोजेक्ट म्हणून धरलं तर मुलांना घरी उत्तर देणं सोपं जाईल. आणि पालकहो, रविवारी पोरगं संगणकापुढं बसलंय म्हणून रागावण्याआधी एकदा येऊन बघा.

खोली दर रविवारी सकाळी दहा ते एक उघडी असते. चहा आमच्याकडे.

आपले,
रविवारच्या खोलीतले सगळे, कोल्हापूर