ब्रुनो कॉन्ती यांच्या लोकप्रियतेचे मोल

माननीय संपादक महोदय,

स. न. वि. वि.

1982 च्या फुटबॉल विश्वचषकाचा विषय निघाला की आपल्याकडील बहुतेक लेखनात पाओलो रॉसी यांचे सहा गोल सांगून इटलीच्या विजेतेपदाची कथा संपवली जाते. रॉसी यांचे श्रेय वादातीत आहे. परंतु त्याच संघातील विंगर (मैदानाच्या बगलेवरून चढाई करणारे खेळाडू) ब्रुनो कॉन्ती यांचा साधा उल्लेखही होऊ नये, याचे मला मनापासून वाईट वाटते.

पोलंडविरुद्धच्या उपांत्य सामन्यात कॉन्ती यांनी डाव्या बगलेवरून मुसंडी मारली आणि असा नेमका क्रॉस दिला की रॉसी यांना वाकून, गोलजाळ्याच्या अगदी जवळून हेडरने चेंडू आत ढकलणे तेवढे बाकी होते. माद्रिदमधील अंतिम सामन्यातही इटलीला मिळालेली पेनल्टी त्यांनाच पाडल्यामुळे मिळाली होती (ती काब्रिनी यांनी वाया घालवली), तर आल्तोबेल्ली यांच्या तिसऱ्या गोलाआधी उजव्या बगलेवरून लांबवर चेंडू नेऊन पास देणारेही तेच होते. मूळचे डावखुरे असूनही ते बहुधा उजव्या बाजूने खेळत आणि आत वळून बचावपटूला चकवत. चाहत्यांनी अर्जेंटिनाचे मॅराडोना आणि ब्राझीलचे झिको या दिग्गजांची नावे जोडून त्यांना ‘मॅराझिको’ म्हटले, ते याच कौशल्यामुळे.

मात्र माझ्या मते त्यांच्या लोकप्रियतेचा खरा कस 30 मे 1984 रोजी लागला. युरोपातील क्लबांच्या युरोपियन चषकाचा अंतिम सामना रोमच्याच ऑलिम्पिक स्टेडियमवर, कॉन्ती यांचा रोमा क्लब आणि इंग्लंडचा लिव्हरपूल यांच्यात होता. तो पेनल्टींवर गेला आणि कॉन्ती यांचा फटका गोलजाळ्यावरून बाहेर गेला. स्वतःच्या मैदानावर, स्वतःच्या प्रेक्षकांसमोर क्लबच्या इतिहासातील सर्वांत मोठा चषक निसटला. अशा एका चुकीपायी आयुष्यभर बोल ऐकावे लागलेले खेळाडू थोडे नाहीत. रोमच्या प्रेक्षकांनी मात्र कॉन्ती यांना अंतर दिले नाही आणि तेही रोमा सोडून गेले नाहीत. 1991 मध्ये ते निवृत्त झाले, तेव्हा त्यांना निरोप देण्यासाठी तेच स्टेडियम गर्दीने फुलून गेले होते. पुढे अनेक वर्षे त्यांनी क्लबच्या युवा विभागाची धुरा वाहिली.

इटलीकडून 47 सामन्यांत त्यांचे गोल अवघे पाच. केवळ हा आकडा पाहणाऱ्याला रोमने त्यांच्यावर एवढा जीव का लावला, हे कळणे अवघड आहे. म्हणूनच माझी विनंती आहे की, फुटबॉल सामन्यांची वृत्ते छापताना गोल करणाऱ्याच्या नावासोबत पास देणाऱ्याचेही नाव द्यावे, आणि जुन्या विश्वचषकांवरील लेखांत कॉन्ती यांच्यासारख्या खेळाडूंना हक्काची जागा मिळावी.

कळावे,

आपला नियमित वाचक,
कोल्हापूर