रुमालवाल्या काकांना, मनापासून थँक्यू

काका,

तुमचं नाव इथे लिहीत नाही, तुम्ही आधीच म्हणाल कशाला हे सगळं. पण शनिवारपासून डोक्यातून जात नाहीये, आणि समोर बोलायला गेलं की तुम्ही "आधी बेल्ट नीट बांध" म्हणून विषय बदलता, म्हणून लिहूनच टाकते.

आधी थोडी भडास काढते, मग आभार. चाळिशीत ज्युदो शिकायला आलेली बाई म्हणजे बऱ्याच लोकांना फुकटची करमणूक असते. माझ्या आधीच्या क्लासमधे (नाव घेत नाही, जाऊ दे) दुसऱ्याच महिन्यात सरांनी तोमोए-नागे काढला, म्हणजे स्वतः मागे पडत समोरच्याला आपल्या डोक्यावरून पलीकडे टाकायचा डाव. एकदा करून दाखवला, फाडकन, काही कळायच्या आत, आणि म्हणाले, "हा सॅक्रिफाइस थ्रो, म्हणजे बलिदान. समोरच्याच्या पोटाला पाय लावायचा आणि बिनधास्त मागे पडायचं." झालं शिकवून. मी पडले बिनधास्त. समोरचा कॉलेजचा पोरगा खांबासारखा उभा आणि मी त्याच्यापासून दोन हात लांब, थेट माकडहाडावर. सगळे हसले, सर पण. पुढचे दीड महिने ऐरोलीच्या ऑफिसात मधे भोक असलेली उशी घेऊन बसत होते. क्लासमधून एक फोन नाही, फीची आठवण मात्र ग्रुपवर अगदी वेळेवर. बलिदान माझं, प्रसाद त्यांना.

म्हणून नौपाड्याच्या हॉलवर आल्यावर तो थ्रो म्हटलं की मी पाणी प्यायला जायचे. तुम्ही ते बघितलंत, आणि चारचौघांत काही न बोलता वेळ संपल्यावर विचारलंत, "तहान फक्त सुतेमीलाच लागते का गं?"

सुतेमी म्हणजे तेच सॅक्रिफाइस थ्रो. तुम्ही सांगितलंत की 'सुते' म्हणजे टाकून देणं आणि 'मी' म्हणजे आपला देह, आपल्याकडे जिवावर उदार होणं म्हणतात ना, तेच. आणि नागे-नो-कातामधे, म्हणजे थ्रोंच्या ठरलेल्या क्रमात, पंधरा थ्रो आहेत, पाच गटांत, त्यातले सुतेमीचे दोन गट अगदी शेवटी येतात, "तुला पहिलीत बसवून दहावीचा पेपर दिला होता." मला किती बरं वाटलं ते ऐकून! वर्षभर मी समजत होते माझ्यातच काहीतरी कमी आहे.

मग तुमच्या तालमीची गोष्ट. लहानपणी कुस्ती खेळलेला माणूस, पाठ मातीला लागली की चीतपट, संपला विषय, आणि इथे जिंकायचं तर आधी स्वतःचीच पाठ टेकायची. सुरुवातीला तुम्हाला चक्क लाज वाटायची म्हणालात. इप्पोन, म्हणजे थेट जिंकून देणारा पूर्ण गुण, तरीही टाकणाऱ्यालाच मिळतो, कारण तो स्वतःहून, समोरच्याला धरून खाली गेलेला असतो आणि जोरात पाठीवर आदळतो तो समोरचा. ब्राऊन बेल्टवाला माणूस आपल्याला कधीकाळी लाज वाटायची असं सांगतो, हे मी पहिल्यांदाच ऐकलं.

पण मला सांगायचंय ते रुमालाबद्दल.

तुम्ही मॅटवर माझ्यासमोर उभे राहिलात, गी (ज्युदोचा जाड पोशाख) धरायला दिलीत, आणि मग थांबून बॅगेतून रुमाल आणलात. निळ्या चौकड्यांचा, नीट चार घड्या घातलेला. तो तुमच्या दोन पायांच्या मधे ठेवलात आणि म्हणालात, "एस्टीत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात ना, तशी ही तुझी जागा धरलीय. पडायचं वगैरे डोक्यातून काढ. इथे येऊन बसायचं."

एवढंच. खरंच एवढंच. वर्षभराची भीती पडण्याची होती आणि तुम्ही मला बसायला सांगितलंत. बाकीचं मग एकेक करून आलं, की लांब बसले तर मी नुसती ओढत राहते आणि तुम्ही मागे टेकून उभे राहता, पण तुमच्या खाली आले की तुम्हाला टेकायला जमीनच उरत नाही. पायाने लाथ नाही मारायची, पोटावर ठेवायचा आणि तुमचं वजन वर आलं की मग सरळ करायचा. हातांची ओढ शेवटपर्यंत सोडायची नाही. आणि तुम्ही पुढे येत असाल तेव्हाच.

किती वेळा चुकले! रुमालाच्या अलीकडे बसले, एकदा रुमालावरून घसरले. दर वेळी तुम्ही वाकून त्याची घडी परत सरळ करायचात आणि उभे राहायचात. "पुन्हा." आवाजात ना वैताग ना कौतुक.

आणि मग ती एक वेळ. मी बसले, पाय वर गेला, छतावरचा पंखा दिसला आणि हातातलं वजनच गेलं. डोक्यामागे धाप्पकन आवाज. मी घाबरून उलटी वळले, तर तुम्ही पाठीवर पडलेले, हात मॅटवर आपटून लाल, आणि छताकडे बघत विचारताय, "रुमाल कुठाय?"

माझ्याखाली होता.

त्यानंतर तुमचं पडणं तीसपर्यंत मोजलं आणि मी मोजणं सोडलं. पण काका, नंतर स्टेशनवर मी तुमच्या मागे होते, तुम्हाला माहीत नाही. ट्रान्सहार्बरच्या प्लॅटफॉर्मला उतरताना तुम्ही कठडा धरून एकेक पायरी उतरत होतात, दोन्ही पाय एका पायरीवर, मग पुढची. वाशी गाडी समोर लागली होती, तरी तुम्ही घाई केली नाहीत. साठीला आलेला माणूस तासभर माझ्यासाठी हवेतून जाऊन आपटत होता आणि मला वाटत होतं की मी फार भारी शिकतेय.

ज्युदोत पडणाऱ्याला उके म्हणतात, फोटो कायम टाकणाऱ्याचा निघतो. ज्युदो सुरू करणाऱ्या जिगोरो कानोंनी 1882 मधे कोदोकान ही आपली ज्युदोची शाळा काढली, आणि स्वतःबरोबर दुसऱ्याचंही भलं व्हावं हे त्यांचं तत्त्व आमच्या आधीच्या क्लासच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात लावलेलं होतं. त्या भिंतीखालीच मला हसले होते. तुम्ही ते तत्त्व कधी उच्चारल्याचं पण मला आठवत नाही. अशी माणसं असतात थोडी, बसमधे, बँकेत, सोसायटीत, समोरच्याला न लाजवता जागा करून देतात, आणि आपण ऑफिसचे मेल सोडले तर कोणाला थँक्यू म्हणत नाही.

तुमचा रुमाल माझ्या बॅगेत आलाय, घाईत गीबरोबर गुंडाळला गेला. धुतलाय, इस्त्री केलीय, तुमच्यासारख्याच चार घड्या. शनिवारी आणते. पण लगेच खिशात घालू नका, डाव्या बाजूने अजून जमत नाहीये.