पाळी गेलेल्या बाईला झोप लागते का, हेही विचारू द्या

मा. आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य

सविनय नमस्कार.

मी सिंधुदुर्गातल्या एका उपकेंद्रात परिचारिका आहे. आमच्या आशाताई तिशीपुढच्या प्रत्येकाचा सीबॅक, म्हणजे दीर्घ आजारांचा धोका ओळखण्याचा, फॉर्म भरतात. त्यात तंबाखू, कंबरेचा घेर, व्यायाम, गेल्या दोन आठवड्यांतली उदासी, सगळं विचारलं जातं. पाळी गेल्यावर रक्तस्राव झाला का, हेही आहे, कारण तिथे कॅन्सरची शंका असते. पण पाळी कधी गेली, पिशवी काढली असेल तर अंडाशयं ठेवली का, रात्री घामाने जाग येते का, हे विचारायला जागाच नाही. पंचेचाळिशीतल्या बाईच्या उदासीवर आम्ही खूण करतो आणि पुढच्या घरी जातो.

वेंगुर्ल्याकडे काजू कारखान्यात बिया फोडण्याचं काम करणाऱ्या एका बाईचं बीपी मी घेत होते. बोटं चिकाने काळवंडलेली, घोव मुंबईला. हळूच म्हणाली, "आंगाची नुसती काहिली होता गो बाय, रातभर डोळ्याक डोळो लागणा नाय." वजनाचे आकडे विसरते म्हणून ती धास्तावली होती. "माका येड लागतला काय गो?"

पाळी जाण्याच्या काळात इस्ट्रोजेन हे हार्मोन घटलं की शरीराचं तापमान सांभाळणारं मेंदूतलं केंद्र जरा उकडलं तरी घाम फोडतं. झोप मोडते, मन खचतं. स्मरणशक्ती सांभाळणाऱ्या हिप्पोकॅम्पसवरही याच हार्मोनचा प्रभाव असतो. या काळातला विसराळूपणा म्हणजे बहुतेकींच्या बाबतीत स्मृतिभ्रंश नव्हे, एवढं सांगितलं तरी बाईचा जीव भांड्यात पडतो. कमी वयात अंडाशयं काढलेल्या बाईकडे मात्र जास्त लक्ष द्यावं लागतं, कारण तिचं इस्ट्रोजेन एकदम कोसळतं.

पाळी जाण्याच्या काळावरच्या अमेरिकेतल्या 'स्वान' अभ्यासात 1990च्या दशकापासून तीन हजारांवर बायकांचा वर्षानुवर्षे पाठपुरावा झाला. अंगातून वारंवार गरम वाफा येणाऱ्यांपैकी निम्म्या जणींना हा त्रास सात वर्षांहून जास्त पुरला. त्यात पाच वंशगट होते, भारतीय गट नव्हता. मे महिन्यातल्या दमट रात्री पत्र्याखाली झोपणारी, पहाटे मासळीसाठी बंदरावर उभी राहणारी बाई त्या आकड्यांत कुठून येणार?

आणि आमचं नर्सिंगचं संशोधन? एम.एस्सी.चे बरेचसे प्रबंध माहितीपुस्तिका देण्याआधीचं आणि नंतरचं 'ज्ञान' मोजतात, बांधले जातात आणि कपाटात जातात. मुली हुशार आहेत, मेहनती आहेत. त्यांना त्याच बाईकडे दुसऱ्या वर्षी पुन्हा जायला ना वेळ मिळतो ना पैसा. याचं मला फार वाईट वाटतं.

म्हणून विनंती आहे, रत्नागिरी आणि सिंधुदुर्गात सीबॅकला वरचे तीन प्रश्न जोडा. चाळीस ते साठ वयाच्या, तयार असलेल्या बायकांची झोप, मनःस्थिती, बीपी, साखर आणि स्मरण यांची नोंद किमान पाच वर्षं, उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात, त्याच परिचारिकांनी ठेवावी. संशोधनाचं नेतृत्व नर्सिंगकडे द्या. नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाने मार्गदर्शन करावं. आशाताईंना या कामाचा वेगळा मोबदला द्या, फुकटात आणखी एक रजिस्टर त्यांच्या गळ्यात मारू नका. निष्कर्ष आधी उपकेंद्रात, मालवणीत, त्याच बायकांना सांगितले जावेत.

'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या 2024च्या आयोगानुसार स्मृतिभ्रंशाची सुमारे 45 टक्के प्रकरणं आवर घालता येण्याजोग्या 14 कारणांशी जोडलेली आहेत, म्हणजे ती टाळता किंवा लांबवता येऊ शकतात. बीपी, मधुमेह आणि नैराश्य त्यांतच येतात, आणि ही तिन्ही तपासायला आम्ही आधीच त्या घरात जातो.

आपली,
सिंधुदुर्गातली एक परिचारिका